भांगाचे दिवस

ती आली तेव्हा पदराला सुकटीचा वास होता
आणि त्याबद्दल ती आधीच माफी मागत होती.
म्हटलं, बस. या खुर्चीवर सगळेच
कसला ना कसला वास घेऊन बसतात.
प्रणिता चोगले, राहणार पाजपंढरी,
लग्नाला अकरा वर्षं, मुलगी एक, उर्वी, सातवं चालू.
खाली झेरॉक्सवाल्याचं मशीन
कुणाचा तरी सातबारा पुन्हा पुन्हा ओकत होतं.

"बोट त्याच्या नावावर," ती म्हणाली,
"घर सासऱ्याच्या. माझ्या नावावर
रेशनकार्डातली तिसरी ओळ."

खोटी आशा द्यायची नव्हती.
नवऱ्याचं अर्धं आपोआप बायकोचं, असं सिनेमात होतं,
इथे कागद लागतो.
आठव, म्हटलं, बोट घेतली तेव्हा काय काय मोडलं?
ती बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली.
पुढच्या मंगळवारी तांदळाच्या डब्यातून
सोनाराची पावती घेऊन आली :
पाटल्या दोन, गोठ एक जोड, वजन, तारीख,
एक कड टोक्यांनी कुरतडलेली.
त्या इंजिनात हिचे दोन हात फिरतायत,
असं मी अर्जात लिहिलं नाही.
अर्जात लिहिलं, स्त्रीधन. परिशिष्ट 'क'.

पोटगीला हिराजीचा वकील उभा राहिला.
"पावसाळ्यात बंदी, हिवाळ्यात वारा,
माझ्या अशिलाचं उत्पन्न शून्य, साहेब."
मी बर्फाच्या फॅक्टरीची वही मागवली.
सप्टेंबर ते मे, दर दोन दिवसांनी लाद्या,
प्रत्येक ओळीला त्याची वाकडी सही.
मासे नसतील तर माणूस एवढा बर्फ
कशाला नेतो, एवढंच विचारलं.
हिराजी खाली बघून हसला,
आणि कबूल करते, त्या क्षणी मला तो आवडला.

राहिला ताबा.
सव्वीस वर्षं हा शब्द वापरतेय,
जमिनीलाही तोच, पोरीलाही तोच,
दरवेळी टाइप करताना बोट अडतं.
साहेबांनी उर्वीला आत बोलावलं, आम्हाला बाहेर काढलं.
दहा मिनिटांनी आली ती साहेबांचं पेन घेऊन.
काय विचारलं गं?
"कुठली मासळी आवडते."
मग?
"त्यांना बोंबील साफ करता येत नाहीत."

मुलगी आईकडे. भेट दर रविवारी,
असा मसुदा आला, दरवेळच्या सवयीचा रविवार.
प्रणिताच माझ्या कानाशी वाकली,
"रविवार नको. उधाण असलं तर तो पाण्यात असेल,
पोर बंदरावर वाट बघत बसेल."
तिच्या बाजूने लढायला तिने मला नेमलं होतं.
मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं.
अष्टमी, नवमी, दशमी, दोन्ही पक्षांत,
भांगाचे दिवस,
पाणी आळसावतं, ओढ सुटते, जाळी वाळत पडतात.
समोरचा वकील घाटावरचा, त्याला कळेना.
हिराजीनेच त्याच्या काळ्या कोटाची बाही धरून
भरती-ओहोटी समजावली.
आदेशात तिथी टाइप करताना स्टेनोने
दोनदा विचारलं, "नक्की ना, मॅडम?"

आता हर्णैच्या लिलावाला गेले की दिसतात.
हिराजी मला ओळखतो, सुरमई निवडून देतो,
भाव मात्र एक रुपया कमी करत नाही.
परवा दशमी होती.
सकाळी आईने दोन वेण्या घालून धाडलेली पोर
दिवेलागणीला परत येत होती,
केस खाऱ्या वाऱ्याने सुटलेले
आणि बापाने पुन्हा बसवलेले,
भांग कपाळावरून निघून थेट कानाकडे गेलेला.
प्रणिताने पाहिलं. हात उचलला.
मग तो तिच्या दप्तराला लावला,
आणि तशीच, वाकड्या भांगाची,
घरी घेऊन गेली.